खानावळीचा परवाना विहिरीपासून सुरू होतो

कोकणात घरगुती खानावळ काढायची, सरबताचा स्टॉल लावायचा किंवा फणसपोळी पाकिटात भरून विकायची म्हटली की पहिला प्रश्न हाच येतो: आरोग्याचा परवाना कुठे मिळतो? मग प्राथमिक आरोग्य केंद्रात एक खेप, ग्रामपंचायतीत दुसरी, पंचायत समितीत तिसरी. यांतलं कुठलंच कार्यालय अन्नाचा परवाना देत नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा. त्याखालचे परवान्याचे विनियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले, आणि तेव्हापासून आपल्या राज्यात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे सगळे ज्याला एफडीए म्हणतात त्यांच्याकडे आहे. रत्नागिरी जिल्ह्याचं कार्यालय रत्नागिरीत, सिंधुदुर्गाचं ओरोसला, रायगडाचं पेणला. अर्ज मात्र ऑनलाइनच करायचा, फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर.

कागद हाताशी असतील तर अर्ज भरणं तासाभराचं काम आहे. वेळ खातात त्या दुसऱ्याच गोष्टी: पाणी, स्वयंपाकघर आणि घराची मालकी. बहुतेक जण आधी अर्ज टाकतात आणि अधिकारी पाहणीला यायचे ठरले की विहिरीकडे बघतात. तिथेच महिना-दोन महिने जातात आणि मे महिन्याचा हंगाम हातचा निसटतो.

नोंदणी की परवाना, आणि कशासाठी?

छोट्या धंद्याला नोंदणी, मोठ्याला परवाना. २०११ च्या विनियमांनी ही रेषा वर्षाला १२ लाख रुपयांच्या उलाढालीवर आखली आणि नोंदणीची फी वर्षाला १०० रुपये ठेवली. मर्यादा, फी आणि मुदत सरकार बदलत असतं, म्हणून शेजाऱ्याच्या जुन्या प्रमाणपत्रावरून अंदाज बांधू नका. अर्जाच्या दिवशी फॉसकॉसवर जो आकडा दिसेल तोच धरा. उलाढाल म्हणजे नफा नव्हे, गिऱ्हाइकाकडून आलेले सगळे पैसे. रोज ३० थाळ्या, थाळी २५० रुपयांची, वर्षात २०० दिवस धंदा: झाले १५ लाख. हातात त्यातलं थोडंच उरत असलं तरी उलाढाल १५ लाखच धरली जाते.

अर्ज अडकतो तो बहुधा ‘काइंड ऑफ बिझनेस’ या रकान्यात. घरून डबे देणाऱ्यांसाठी आणि घरगुती कॅन्टीनसाठी वेगळा प्रकार आहे, चहा-नाश्त्याच्या टपरीसाठी वेगळा, फिरत्या विक्रेत्यासाठी वेगळा, मासळी विक्रेत्यासाठी वेगळा, जत्रेतल्या तात्पुरत्या स्टॉलसाठीही वेगळा. आंगणेवाडीच्या जत्रेत खाजं विकणाऱ्यालाही नोंदणी लागते. आता खानावळीची नोंदणी घेतलेल्या बाईंनी काउंटरवर कोकम आगळाच्या बाटल्या आणि आंबापोळीची पाकिटं ठेवली, तर तो झाला उत्पादनाचा धंदा. त्याची नोंद खानावळीत आपोआप येत नाही. तो प्रकार आणि तो पदार्थ अर्जात जोडावाच लागतो, नाहीतर बाटलीवर छापलेला नंबर त्या बाटलीला लागूच होत नाही. म्हणून येत्या दोन वर्षांत काय काय विकण्याचा विचार आहे, त्याची यादी अर्जाआधी कागदावर करा आणि मगच रकाने भरा.

मिळणारा नंबर १४ आकडी असतो. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५. म्हणजे आपल्याकडची नोंदणी २१५ ने सुरू होते. कुणी ‘नंबर काढून दिला’ म्हणून कागद हातात ठेवला तर आधी हे तीन आकडे बघा आणि मग पोर्टलवर तो नंबर टाकून नाव-पत्ता जुळतो का तेही पाहा.

हा नंबर माणसाला नाही, जागेला मिळतो. बचत गटातल्या दहा जणी आपापल्या घरी कोकम सोलं आणि पापड करत असतील आणि नोंदणी अध्यक्षांच्या घराची असेल, तर उरलेली नऊ घरं नोंदणीबाहेर राहतात. गटासाठी एक सामायिक जागा ठरवून माल तिथेच तयार करणं आणि भरणं, हाच धड मार्ग.

आणखी एक गोष्ट, फार लोक यात फसतात. अर्ज भरून देणारा एजंट घाईत स्वतःचाच मोबाइल नंबर आणि ईमेल टाकतो. पुढे अधिकाऱ्यांनी शंका विचारली तर तो मेसेज त्याच्याकडे जातो, मुदत टळते आणि अर्ज रद्द होतो. बदल करायला, मुदत वाढवायला लागणारा ओटीपीही त्याच्याकडेच. अर्ज कुणाकडूनही भरून घ्या, पण मोबाइल आणि ईमेल आपलाच द्या, पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहा.

घर कोणाच्या नावावर?

नोंदणीला ओळखपत्र, फोटो आणि जागेचा पुरावा एवढंच लागतं, पण कोकणात जागेचा पुरावा हीच गोम असते. घराचा असेसमेंट (घरपट्टीचा) उतारा आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, वीजबिल थोरल्या काकांच्या नावावर आणि काका डोंबिवलीत. वारस तपास करून नावं लावायला वेळ लागतो. तोवर, ज्यांच्या नावावर बिल किंवा उतारा आहे त्यांचं किंवा हयात सहहिस्सेदारांचं साधं संमतीपत्र घ्या: अमुक घर क्रमांकाच्या अमुक खोलीत अमुक व्यक्तीने खाद्यपदार्थांचा व्यवसाय करण्यास आमची हरकत नाही, खाली सह्या, सोबत ओळखपत्रांच्या प्रती. गणपतीला सगळे गावी एकत्र येतात, त्या पाच दिवसांत या सह्या करून घेतलेल्या बऱ्या.

अन्नाची नोंदणी म्हणजे जागेवरचा हक्क नव्हे. समुद्रकिनाऱ्यावर, भरतीरेषेजवळ शेड बांधली असेल तर सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या निर्बंधांचा, प्रश्न वेगळा आणि तो या कागदाने सुटत नाही. पर्यटन खात्याकडची निवास-न्याहारीची नोंदणीही वेगळी. ती असली तरी पाहुण्यांना जेवण देण्यासाठी अन्नाची नोंदणी लागतेच. कामगारांची संख्या कायद्यातल्या मर्यादेपेक्षा कमी असेल तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. नगर परिषद किंवा नगर पंचायतीच्या हद्दीत असाल तर तिथे ना हरकत लागते का ते आधी विचारा. गॅसची शेगडी १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवर. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणं हा वेगळा गुन्हा आहे.

विहीर

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे बहुतेक घरगुती खानावळी विहिरीच्या पाण्यावर चालतात, आणि जांभा दगड हा चाळणीसारखा. वरचं पाणी गाळून न घेता सरळ खाली सोडतो. म्हणून शोषखड्डा, संडासाची टाकी, गोठा आणि उकिरडा विहिरीपासून किमान १५ मीटर, म्हणजे ५० फूट लांब हवेत, आणि शक्यतो उताराच्या खालच्या अंगाला. विहिरीला कठडा हवा, भोवती सिमेंटचा ओटा हवा आणि सांडलेलं पाणी वाहून जायला पन्हळ हवी. माडाच्या झावळ्या आत पडू नयेत म्हणून वर जाळी.

पाण्याच्या तपासण्या दोन. जंतूंची तपासणी आणि रासायनिक तपासणी. जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा किंवा मान्यताप्राप्त खाजगी प्रयोगशाळेत दोन्ही होतात. जंतूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेतून निर्जंतुक केलेलीच आणावी लागते. पाण्याच्या जुन्या प्लास्टिक बाटलीत नमुना नेला तर आपल्याच बाटलीतले जंतू अहवालात येतात. बाटली विसळायची नाही, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. पंपाचं पाणी दोन-तीन मिनिटं वाहू द्यायचं आणि मग भरायचं. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवायचं. पाण्यात क्लोरीन घातलेलं असेल तर तसं सांगून बाटली मागा, कारण त्या बाटलीत क्लोरीन मारणारं रसायन आधीच घातलेलं असतं.

अहवालात तीन-चार आकडे बघायचे. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकाप्रमाणे १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, एकही नको. सामू (पीएच) ६.५ ते ८.५ च्या दरम्यान. जांभ्यातलं पाणी थोडं आम्लधर्मी असतं, त्यामुळे तो ६.५ च्या खाली दिसू शकतो. क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. खाडीकाठच्या आणि किनाऱ्यालगतच्या विहिरीत एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेलं की हाच आकडा चढतो. पंप जास्त चालवला की खारं पाणी आत ओढलं जातं.

ई. कोलाय आले म्हणजे अर्ज संपला असं नाही. टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घालायची, पण अंदाजाने नव्हे. गोल विहिरीचं पाणी लिटरमध्ये काढायचं सूत्र सोपं आहे: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, आणि गुणिले ७८५. विहिरीचा व्यास ३ मीटर, पाणी ४ मीटर: ३ × ३ × ४ × ७८५ म्हणजे २८,२६० लिटर. ताज्या, ३३ टक्के क्लोरीनच्या पावडरचं किमान प्रमाण १००० लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे या विहिरीला साधारण ७१ ग्रॅम. हे स्वच्छ, नितळ पाण्याचं झालं. पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की जास्त लागते. पिशवी उघडी राहून दमट झालेली पावडर तर नावालाच पावडर. तिच्यातलं क्लोरीन उडून गेलेलं असतं.

पावडर थेट विहिरीत टाकू नका. बादलीत थोडं पाणी घेऊन तिची पेस्ट करा, बादली तीन-चतुर्थांश भरा, ढवळा आणि पाच-दहा मिनिटं ठेवा. खाली चुना बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता, ती बादली दोराने विहिरीत पाण्याखाली सोडून वर-खाली, आडवी-उभी फिरवा. तळाचा चुना विहिरीत गेला तर पाणी जड होतं, तो बाहेर टाका. निदान तासभर पाणी काढू नका. मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची चाचणी. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक रोज करतो तीच, पाण्यात ओटी द्रावणाचे दोन थेंब टाकून पिवळा रंग बघायची. तासाभरानंतर लिटरला ०.५ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन राहिलं पाहिजे. रंग आलाच नाही तर पाण्यातल्या घाणीने सगळं क्लोरीन खाल्लं, पुन्हा घाला. आणि हे विहिरीत करून वरची टाकी तशीच शेवाळलेली ठेवली तर सगळी मेहनत फुकट. टाकी आधी घासा.

नमुना मे महिन्यात दिला आणि जुलैत विहीर काठोकाठ भरली, तर तो अहवाल जुलैच्या पाण्याबद्दल काही सांगत नाही. वर्षातून दोनदा तपासणी करा, त्यातली एक पहिल्या मोठ्या पावसानंतर.

स्वयंपाकघर

स्वच्छतेचे नियम परवान्याच्या विनियमांच्या शेड्यूल ४ मध्ये आहेत, पण आपल्या घरांना ते कुठे टोचतात ते सांगतो. कौलारू छप्पर उघडं असेल तर वरून धूळ, पालीची आणि उंदरांची विष्ठा थेट पातेल्यात पडते. चुलीच्या आणि ओट्याच्या वर तरी पत्र्याचं किंवा पीव्हीसीचं छत मारा. जांभ्याची उघडी भिंत धुता येत नाही, ओट्यामागे टाइल किंवा गुळगुळीत गिलावा हवा. शेणाने सारवलेली जमीन घराला शोभते, धंद्याच्या स्वयंपाकघराला चालत नाही. खिडक्यांना बारीक जाळी, दिव्याला कव्हर, सांडपाणी झाकलेल्या गटारातून बाहेर. हात धुण्याचं बेसिन भांडी घासायच्या जागेपासून वेगळं, तिथे साबण कायम. संडासाचं दार स्वयंपाकघरात उघडत असेल तर पाहणीत ते पहिलं लिहिलं जाईल.

थाळीतला सगळ्यात नाजूक पदार्थ मासा नव्हे, सोलकढी. मासा शिजतो, सोलकढी शिजत नाही. नारळ खवणारे हात, रस काढायला घातलेलं पाणी, गाळायचं फडकं आणि वर टाकलेला बर्फ, यांतलं जे अस्वच्छ असेल ते जसंच्या तसं वाटीत येतं. ज्या विळीवर सकाळी मासळी कापली तिच्याच टोकाच्या खवणीवर नारळ खवला जातो, हे आपल्याकडे घरोघरी होतं. खानावळीत दोन विळ्या ठेवा, एकीला लाल रंगाचा पट्टा मारा, ती फक्त मासळीची. रसासाठी पाणी खळखळ उकळून, झाकून गार केलेलं घ्या. फडकं रोज उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवा. कढी ५ अंशाखाली फ्रिजमध्ये ठेवा आणि रात्री उरली तर ओतून द्या, दुसऱ्या दिवशी तिच्यात नवी मिसळू नका.

बर्फाचंही तसंच. मासळी टिकवायचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा नसतो, म्हणूनच त्यात निळा रंग घालायचा नियम २०१८ मध्ये आला. निळा बर्फ सरबताच्या किंवा सोलकढीच्या जवळपासही नको. पांढरा बर्फ घेतानाही तो खाण्याचा आहे असं बिलावर लिहून घ्या.

बांगडा, तारली, कुपा या माशांत हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा तासन् तास उन्हात राहिला की जंतू त्याचं हिस्टामिन करतात. ते खाऊन तोंड लाल होतं, अंगावर पित्तासारखे चट्टे उठतात, डोकं ठणकतं. हिस्टामिन तळून किंवा उकळून जात नाही, त्यामुळे ‘चांगला कडक तळला होता’ या म्हणण्याला अर्थ नाही. मासा होडीतून उतरल्यापासून बर्फात हवा, जेवढा मासा तेवढा बर्फ.

शिजवण्याचे आकडे भिंतीवर लावून ठेवा. मांसाहारी पदार्थाच्या गाभ्याचं तापमान ७५ अंश १५ सेकंद तरी, किंवा ७० अंश दोन मिनिटं. गरम वाढायचे शाकाहारी पदार्थ ६० अंशावर, मांसाहारी ६५ वर. उरलेलं ठेवायचंच असेल तर ६० वरून २१ अंशापर्यंत दोन तासांत आणि पुढच्या दोन तासांत ५ पर्यंत खाली यायला हवं. मोठं टोप तसंच फ्रिजमध्ये सरकवलं तर मधला भाग गरमच राहतो; उथळ परातीत पसरून गार करा. टोचायचा थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा फ्रीजरचं दार उघडू नका आणि वीज किती वाजता गेली, किती वाजता आली ते वहीत लिहा.

जेवणाला हात लावणाऱ्या प्रत्येकाचं वैद्यकीय प्रमाणपत्र वर्षातून एकदा लागतं. नोंदणीकृत डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक, त्वचा आणि डोळ्यांची तपासणी, टायफॉइडसारख्या पोटाच्या आजारांवरची लस. मे महिन्यात मदतीला येणारी भाची किंवा वाढपी मुलगाही यात धरला जातो.

बाटली आणि पाकीट

माल बंद करून विकला की लेबल लागतं. पदार्थाचं नाव, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, निव्वळ वजन, बॅच, तयार केल्याची आणि वापराची अंतिम तारीख, नाव-पत्ता, १४ आकडी नंबर, शाकाहारीसाठी चौकटीतला हिरवा गोल, कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क. सरबतात परिरक्षक घातलं तर नुसतं ‘प्रिझर्व्हेटिव्ह’ चालत नाही. सोडियम बेंझोएट असेल तर ‘परिरक्षक (आयएनएस २११)’ असं लिहायचं. काजू, मासे, कोळंबी-जवळा, दूध, गहू हे ॲलर्जीचे घटक म्हणून वेगळे दाखवावे लागतात. जवळ्याची चटणी विकणारे नेमकं हेच विसरतात. लेबल चुकलं तर ३ लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि अस्वच्छ जागेत अन्न तयार केल्याबद्दल १ लाखापर्यंत. एक साधी चूक फार दिसते: छापखान्याने मागच्या वर्षीची उरलेली लेबलं वापरली आणि त्यावर जुना पत्ता राहिला. नंबर बिलावरही छापायचा, १ जानेवारी २०२२ पासून.

अर्ज केल्यावर

नोंदणीच्या अर्जावर ७ दिवसांत मंजुरी, कारणासह नकार किंवा पाहणीची सूचना यायला हवी. पाहणी निघाली तर ३० दिवसांत निर्णय. या मुदतीत काहीच कळवलं नाही तर नोंदणीपुरता धंदा सुरू करता येतो, असं विनियमच सांगतात. त्यासाठी अर्जाची पावती छापून जवळ ठेवा. परवान्याला ६० दिवस धरा.

पाहणीत कमतरता निघाली तर बहुधा आधी सुधारणा नोटीस येते. ती घाबरायची गोष्ट नाही. तिच्यातला एकेक मुद्दा दुरुस्त करून फोटो काढा आणि मुदतीच्या आत लेखी कळवा.

अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी नमुना घेतला तर त्याचे चार भाग करून तुमच्यासमोर सील करायचे असतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन एफडीएच्या सहायक आयुक्तांकडे राहतात आणि चौथा तुम्ही मागितलात तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवता येतो. तो तिथल्या तिथे, लेखी मागा. घेतलेल्या मालाची नेहमीच्या विक्रीदराने किंमत तुम्हाला मिळायला हवी. विश्लेषकाचा अहवाल १४ दिवसांत अपेक्षित असतो, आणि तो विरुद्ध आला तर हातात पडल्यापासून ३० दिवसांत सहायक आयुक्तांकडे अपील करता येतं. ज्या दिवशी नमुना गेला त्याच दिवशी त्या बॅचची उरलेली पाकिटं बाजूला काढून त्यावर तारीख घाला.